परिशिष्ट की पूरक अहवाल?
किनाऱ्यालगत घरे आणि गोल्फचे मैदान उभारण्याचा मंजूर आराखडा बदलला, की कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्यानुसार प्रकल्पाच्या जुन्या पर्यावरण परिणाम अहवालाला परिशिष्ट (किरकोळ बदलांची जोड) जोडावे की पूरक अहवाल करावा, असा पेच पडतो. परिशिष्ट स्वस्त आणि झटपट होते; ते लोकांच्या अभिप्रायासाठी खुले करण्याचे बंधनही नसते, आणि माझ्या मते नेमकी हीच त्याची उणीव आहे. पूरक अहवालाच्या मसुद्यावर नागरिकांना हरकती घेता येतात व त्यांना लेखी उत्तरे द्यावी लागतात. त्यामुळे खर्च आणि विलंब दोन्ही वाढतात. घरे कमी करायची असतील किंवा मैदानाची आखणी किंचित बदलायची असेल, तर परिशिष्ट पुरते. मात्र पाणथळ जागेवर पूर्वी न तपासलेला गंभीर परिणाम संभवत असेल, तर पूरक अहवालच हवा.