तळघरातला पंखा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर (आणि २३५ डॉलरचं भांडण)

गुरुवारी पहाटे साडेपाचला कणकेची पिशवी आणायला तळघरात उतरलो आणि सवयीने नळीकडे नजर गेली. दोन्ही निळ्या रेषा एका पातळीत. म्हणजे फरशीखालची पेट्रोलची वाफ बाहेर ओढणारा पंखा बंद. चौदा महिने रोज सकाळी, चहाच्याही आधी, मी त्या बोटभर जाडीच्या काचेच्या नळीकडे बघतोय. एका बाजूची रेषा वर, दुसरी दीड इंच खाली असली की फरशीखालची हवा ओढली जातेय. सारख्या झाल्या की ओढ संपली. कंपनीचा नंबर फोनमध्ये होताच. फोन लावला, त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्या मधल्या दोन दिवसांत हे लिहायला घेतलं, त्यामुळे सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

आमची दुमजली जुनी इमारत न्यू जर्सीतल्या एका गावाच्या मुख्य पेठेत आहे. खाली बायकोचं पोळी-भाजीचं दुकान, वर आम्ही. कोपऱ्यावर गॅस स्टेशन. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, मी पेट्रोलच म्हणणार.) मागच्या वर्षी हिवाळा संपता संपता बायको म्हणाली, "अहो, बेसनाला वास येतोय." मी म्हटलं, तुझं नाक. आठवड्याने एका गिऱ्हाइकाने थालीपिठाच्या भाजणीचं पाकीट परत आणलं. मग रात्रभर पाऊस कोसळला, तळघरातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या सम्प पंपाच्या खड्ड्यात पाणी चढलं आणि पाण्यावर इंद्रधनुष्य. वास असा की डोळे चुरचुरले. अग्निशमनवाल्यांना फोन केला तेव्हा पलीकडची बाई पहिलं वाक्य हे बोलली की दिव्याचं बटण दाबू नका, चालू असेल ते चालू ठेवा, बंद असेल ते बंद, आणि सगळे बाहेर या.

बाई उगाच घाबरवत नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळघरात पाण्यासारखी साचते, आणि हवेत शंभरात जेमतेम दीड भाग झाली की ठिणगीची वाट बघत बसते. मेक्सिकोत ग्वादालाहाराला १९९२च्या एप्रिलमध्ये गटारात पेट्रोल साचून रस्तेच्या रस्ते उडाले, २००हून जास्त माणसं गेली. तिथेही लोक आधी काही दिवस वासाची तक्रार करत होते. पाण्याचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पोलादी पेट्रोल-पाइपला टेकला होता, तिथे गंजून भोक पडलं होतं. इतक्या क्षुल्लक गोष्टी असतात या.

आमच्याकडचं कारणही तसंच क्षुल्लक. स्टेशनची टाकी नवी, दुहेरी भिंतीची, तिला काही झालं नव्हतं. पेट्रोल पंपाच्या खालचा पाइपचा एक सांधा झिरपत होता. पाइपवर गळती पकडणारं यंत्र असतं, पण ते तासाला ३ गॅलनची गळती पकडायला बनवलेलं. त्याखालचं थेंब थेंब त्याने सोडून दिलं तर नियमाने त्याचा दोष नाही, ते वर्षाच्या चाचणीत सापडायचं. न्यू जर्सीत आपलं आपण पेट्रोल भरायला १९४९पासून बंदी आहे, गाडीत भरून द्यायला माणूस उभा लागतो. जमिनीत भरलं जात होतं तिथे कोणी उभं नव्हतं.

आता यंत्राबद्दल. फरशीखालची हवा ओढण्याचा हा प्रकार बहुतेकांना रेडॉनमुळे (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) माहीत असेल, तेच हे. फरशीला पाच इंचाचं भोक, त्यातून हाताने दोन बादल्या माती काढतात, चार इंची पांढरा पाइप भिंतीवरून छपरापर्यंत, पंखा बाहेरच्या भिंतीवर. सम्पच्या खड्ड्यावर पारदर्शक झाकण ठोकून सिलिकॉन. दोन माणसांनी दीड दिवसात काम संपवलं. जाताना त्यांनी फरशीच्या चारही कोपऱ्यांत पेन्सिलीएवढी भोकं पाडून ओढ तिथवर पोचतेय का ते मोजलं, भोकं बुजवली आणि झाडून गेले. इथे पूर्ण गुण.

त्याआधी मात्र माझी शोभा झाली. हवा तपासायला सफाईच्या सल्लागारांची मंडळी स्टीलचा गरगरीत गोळा घेऊन येतात, आतून निर्वात, ६ लिटरचा. तो चोवीस तास हळूहळू हवा पीत बसतो. ठेवण्याआधी त्यांच्या बाईंनी टॉर्च घेऊन तळघर पाहिलं आणि जिन्याखालून माझाच पाच गॅलनचा लाल डबा बाहेर काढला. बर्फ उडवायच्या मशीनचं पेट्रोल. झाकण अर्धवट. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. डबा बाहेर गेला, दोन दिवस दारं उघडी ठेवली, मग गोळा ठेवला. तरीही बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, आलं, आणि खड्ड्याजवळ सर्वात जास्त. मी सुटलो. बेसन, कणीक, भाजणी मिळून अकरा पोती फेकली ती वेगळीच.

पंखा लागल्यावर चौथ्या दिवशी वास गेला. पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ. इथे थांबलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

पण पंखा चालतो कोणाच्या विजेवर? माझ्या! घाईत वायर माझ्या पॅनेलला जोडली, "हिशेब नंतर बघू" म्हणाले. माझा मित्र इलेक्ट्रिशियन आहे, त्याने मीटर लावून ११० वॉट सांगितले. चोवीस तास, तीसही दिवस. महिन्याला ८० युनिट, २१ सेंटने १६ डॉलर ८० सेंट. चौदा महिन्यांचे २३५ डॉलर २० सेंट. समोर लाखांत चाललेलं काम, आणि मी सतरा डॉलरसाठी ईमेल लिहितोय, हे मला कळतं. बायकोलाही कळतं, ती रोज सांगते. पण सांडलं त्यांनी, पुसायचं त्यांनी, तर फडकं माझं का? सहा ईमेल गेले. पंपवाला म्हणतो विमा कंपनीला विचारा, विमा कंपनी म्हणते सल्लागाराला, सल्लागार म्हणतात करारात वीज "इमारतीकडून उपलब्ध" असं लिहिलंय. उपलब्ध म्हणजे फुकट हे कुठल्या शब्दकोशात आहे? तुमच्याकडे हा पंखा बसणार असेल तर सफाईवाल्यांना आत येऊ देण्याच्या करारावर सही करण्याआधी विजेची ओळ हाताने लिहून घ्या. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल.

इथपर्यंतचं पंखा बंद असताना लिहिलं होतं. त्यात सल्लागारांबद्दल एक परिच्छेद होता, तो खोडलाय. सांगतो का.

न्यू जर्सीत २००९च्या कायद्यापासून अशा सफाईवर सरकारी अधिकारी नाही, परवानाधारक खाजगी तज्ज्ञ देखरेख करतो, आणि त्याचे पैसे सांडणाराच देतो. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, असं माझं पहिल्यापासूनचं मत. त्यात गेल्या शरद ऋतूत त्यांनी स्टेशनच्या आवारातलं मोठं यंत्र सात आठवडे बंद ठेवलं. ते यंत्र विहिरींमधून जमिनीतली हवा ओढतं आणि भूजलाच्या खाली हवा सोडतं. आकडे छान खाली आले होते, बंद केल्यावर पुन्हा वर गेले. मी लगेच लिहून पाठवलं की बिल वाढवायचे धंदे आहेत.

शनिवारी पंखा दुरुस्त करायला माणूस आला, त्याच्याबरोबर सल्लागारांच्या त्या परवानाधारक तज्ज्ञ बाई स्वतः आल्या. गल्लीतल्या तपासणीच्या विहिरीचं झाकण काढून त्यांनी दोरीला बांधलेली पारदर्शक नळी खाली सोडली आणि वर काढून उजेडात धरली. गेल्या वर्षी याच विहिरीतून याच नळीत पाण्यावर दोन बोटं पिवळसर थर निघाला होता, तो मी पाहिला होता. आता नुसता तवंग, तोही नळी तिरकी केल्यावर दिसला. मग बंद ठेवण्याचं कारण सांगितलं. भूजल वसंतात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि त्याबरोबर पेट्रोल मातीत वरखाली सारवलं जातं. चिकणमातीत शिरलेलं लवकर सुटत नाही. यंत्र चालू असताना वाळूतली हवा स्वच्छ दिसते, बंद केल्यावर चिकणमाती किती बाहेर टाकते ते कळतं. ते न बघता काम संपलं म्हणणारा तज्ज्ञ वाईट. भूजलात बेंझिनची मर्यादा या राज्यात अब्जात १ भाग, देशाची पिण्याच्या पाण्याची ५. "एकपर्यंत गेल्याशिवाय मी सही करणार नाही, पैसे कोणी का देईना," म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. पेट्रोल सगळं ओढून काढत नाहीत. बरंचसं मातीतले जिवाणूच खातात, फक्त त्यांना हवा लागते. यंत्र हवा खेळवतं तेव्हा त्यांची चंगळ. आंबवणाचं पीठ घट्ट झाकून ठेवायचं की सैल, यावर आयुष्य काढलेल्या माझ्या बायकोला हे एका वाक्यात कळलं. मला तीन लागली. बाईंना तिने दोन पुरणपोळ्या बांधून दिल्या. मी विजेचा विषय काढायला तोंड उघडलं होतं, पुरणपोळ्या बघून मिटलं.

तेव्हा बदललेलं मत असं: पंखा उत्तम. मोठ्या यंत्राचा आवाज रात्री खिडकी उघडी असली तर येतो, वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांनी धरून चालावं. बाई भल्या. तिसऱ्या दिवशी माणूस पाठवणारी दुरुस्तीसेवा रद्दी; पंखा बंद पडला की आपोआप वाजणारी घंटी पहिल्या दिवसापासून हवी होती, ती शनिवारी लागली. मी पहाटे उठणारा आहे म्हणून कळलं. वकिलाचं कार्यालय असतं तर सोमवारी कळलं असतं, किंवा कधीच नाही.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, अख्खा पंखाच बदलला. निळ्या रेषा टुणकन वेगळ्या झाल्या, आता फरक दोन इंचांच्या वर. ओढ वाढलीय म्हणून मी खूश होतो. रात्री मित्राचं मीटर आणून लावलं. नवा पंखा १४२ वॉट खातो. सातवा ईमेल अकरा वाजता गेला.