गोकुळपेठेतील तर्री पोह्यांची गाडी

नागपूरच्या गोकुळपेठ बाजाराच्या परिसरात सकाळी लागणाऱ्या या गाडीवर नावाची पाटी नाही. एक काकू आणि त्यांचा मुलगा ती चालवतात. उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेवलेल्या परातीत पोहे वाफेवर मऊ राहतात आणि प्लेट भरताना त्यांवर काळ्या हरभऱ्याची तर्री म्हणजे तिखट रस्सा, कच्चा कांदा, शेव आणि लिंबू येते. हरभरा अख्खा दिसतो, पण दाबला की सहज फुटतो, आणि तिखट जिभेला एकदम न झोंबता हळूहळू चढते. ‘अजून तर्री घ्या न जी,’ असे काकू आपणहून म्हणतात. तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. प्लेट २५ रुपयांना मिळते. जवळच्या एका नव्या कॅफेत हाच पदार्थ १२० रुपयांना आहे आणि चवीला बराच उणा आहे.

हात धुण्यासाठी पाणी आणि पुरेशी कचरापेटी नाही, ही उणीव खरी आहे. मात्र जिला उद्या इथे उभे राहता येईल की नाही याची खात्री नाही, त्या गाडीने नळ कुठून आणावा?

पूर्वी ही गाडी कोपऱ्यावर लागत असे. तिथले जुने घर पाडून दुकानांची इमारत झाली आणि रहदारीला अडथळा होतो म्हणून गाडीला आतल्या गल्लीत जावे लागले. लेखी नोटीस मिळाली नव्हती, असे काकू सांगतात. त्याच जागेवर आता दुकानांत येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या असतात, आणि त्यांचा अडथळा कोणालाही वाटत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. त्यानंतरही जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रीच्या जागांबाबत शिफारस करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारातील, म्हणजे जिथे परंपरेने खरेदी-विक्री होत आली आहे तिथल्या, विक्रेत्यांना तर हलवताच येत नाही. शहराची सकाळ ज्यांच्या हातून सुरू होते, त्यांचा रस्त्यावरचा हक्क असा लेखी आहे.

पोहे दहाच्या सुमारास संपतात, म्हणून लवकर जावे. बाजाराच्या बाजूने येणाऱ्यांनी नव्या इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरावे. मुख्य रस्त्यावरून गाडी आता दिसत नाही.