क्विनचा संगमरवर की म्यूएकचं सिलिकॉन?

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि ‘निर्दोष देह’ या कल्पनेलाच हात घालायचा असेल, तर मार्क क्विन आणि रॉन म्यूएक या दोन समकालीन शिल्पकारांची कामं शेजारी ठेवून बघा. काम कोल्हापुरात मांडायचंय, हे मात्र विसरू नका. इथं देखण्या देहाचं माप तालमीतून येतं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेलं खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. आणि टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती बघा: ग्रीक-रोमन आदर्श देहही आपल्या गावात आहेच.

क्विननं ॲलिसन लॅपर या चित्रकर्तीचं शिल्प केलं. ती जन्मतः हातांविना आणि आखूड पायांची. आठ महिन्यांची गरोदर असताना तिच्या अंगावरून साचा घेतला गेला आणि मूर्ती उतरली इटलीतल्या कॅराराच्या पांढऱ्या संगमरवरात, ३.५५ मीटर उंच. २००५ ते २००७ ती लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात, बदलती शिल्पं मांडायच्या ‘चौथ्या चौथऱ्या’वर होती. त्याच चौकात खांबावर उभ्या ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचाही उजवा हात १७९७ च्या लढाईत गेलेला. लढाईत गेलेला हात शौर्याचा, मग जन्मतः नसलेला हात कशाचा? कोल्हापुरात हा प्रश्न आणखी झोंबेल. पैलवानाचा मोडलेला कान इथं मानानं मिरवला जातो. जन्मतः वाकड्या पायाच्या पोराकडे मात्र लोक कीव करत बघतात.

म्यूएक मापाशी खेळतो. ‘डेड डॅड’मध्ये वडिलांचा मृतदेह जेमतेम मीटरभर, तर १९९९ चा ‘बॉय’ उकिडवा बसूनही जवळपास पाच मीटर. आधी मातीकाम, मग साचा, मग सिलिकॉन किंवा फायबर. केस एकेक करून रोवलेले. सुरकुत्या, शिरा, सैल कातडी काहीही लपवत नाही. त्याचं काम मला मनापासून आवडतं. पण हुबेहूबपणाचं कौतुक कोल्हापूरला नवं नाही. कणेरी मठावरचे ग्रामजीवनाचे पुतळे बघताना लोक काय म्हणतात, ते ऐका: ‘अगदी खरं वाटतंय!’ तुमच्या सिलिकॉनच्या देहापुढेही हेच वाक्य येईल आणि मूळ प्रश्न कारागिरीच्या कौतुकात बुडेल. शिवाय सिलिकॉन महाग, धूळ धरतं, आणि असं नाजूक काम उघड्यावर ठेवता येत नाही.

म्हणून माझा कौल क्विनच्या वाटेला. संगमरवर परवडणार नाही. प्लास्टर किंवा फायबर चालेल, पण पांढरं आणि गुळगुळीत, थोरामोठ्यांच्या पुतळ्याला शोभेल असं. विषय कुस्ती सोडलेल्या म्हाताऱ्या पैलवानाचा, गुडघे गेलेल्या, दंड उतरलेल्या देहाचा असेल, तरच म्यूएककडे वळा. तिथं कातडीच बोलते.

मॉडेलशी मोकळेपणानं बोला. लॅपर स्वतः कलावंत होती, आपल्या देहाबद्दल बोलत होती. तुमच्या मॉडेललाही शिल्प कुठं, कसं मांडायचं यात शब्द हवा. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मांडणार असाल, तर चौथरा पुरेसा उंच घ्या, म्हणजे बघणाऱ्याला मान वर करावी लागेल.