दिवाळी अंकासाठी संपादक मंडळ नेमावं की एकाच संपादकावर सोपवावं?

काय छापायचं हे कोण ठरवणार, याचा निकाल लेखकांना पत्रं जाण्याआधी लागायला हवा.

मराठीत दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मदतनीस बरेच घेतले, सूत्रं मात्र स्वतःकडे ठेवली आणि १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. त्यांची ठाम मतंही त्यात उतरली. वाईचा मराठी विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झाला आणि विषयवार तज्ज्ञांकडून उभा राहिला. पहिला खंड १९७६ला आला, विसावा २०१५ला. माहितीपर, शास्त्रीय मजकुरासाठी मंडळच हवं. एकट्याला सगळे विषय तपासता येत नाहीत.

कथा-कवितेचं तसं नाही. ‘सत्यकथा’ मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी बोलून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. एवढा जीव पाच जणांची बैठक लावू शकत नाही. बैठकीत सगळ्यांना बरी वाटलेली कथा पास होते. एकाला झपाटून टाकणारी आणि चौघांना खटकणारी कथा गळते. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. पण एकाच अभिरुचीने दारंही बंद होतात. १९६९ साली लघुनियतकालिकं, म्हणजे स्वतःची छोटी बंडखोर नियतकालिकं, काढणाऱ्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती या रागातूनच.

म्हणून माझा कौल: संपादक एक, सोबत तीन वाचक, आणि त्यांतला एक तरी तिशीच्या आतला. लेखकाचं नाव झाकून वाचा. शेवटचा शब्द संपादकाचा. मात्र प्रत्येक वाचकाला बहुमताविरुद्ध एक कथा अंकात घेण्याचा हक्क द्या. नातेवाइकाचं साहित्य आलं तर त्या वाचकाने निर्णयातून बाजूला व्हावं.

जबाबदारी तशीही वाटून जात नाही. कायदा मजकुराची निवड ज्याच्या हाती असते त्यालाच संपादक मानतो. ‘मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ छापली की सुटलो, असं समजू नका.

नुसती शोभेची नावं असलेलं सल्लागार मंडळ नेमूच नका.

आणि ‘साभार परत’ कोण कळवणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मंडळात हे काम हमखास कुणाचंच नसतं, आणि आषाढात कथा पाठवलेला लेखक दसऱ्यापर्यंत वाट पाहत राहतो.