‘मेंदूचं रसायन दुरुस्त करून दारू सोडवतो’ म्हणत १,१७,५०० लुबाडले

माझ्या दादाची दारू सोडवतो म्हणणाऱ्या एका माणसापायी आमचे एकूण १,१७,५०० रुपये गेले. लघवीच्या ‘न्यूरोट्रान्समीटर चाचणी’चे (म्हणजे मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांची चाचणी) १४,५००, कॅप्सूल-पावडरींचे ६२,००० आणि पाच ‘एनएडी’ (पेशींतलं एक रसायन) सलाइनचे ४१,०००. पावती फक्त चाचणीची.

आम्ही काही अडाणी नाही. त्या माणसाचं निम्मं बोलणं खरं होतं, म्हणूनच विश्वास बसला. दारूमुळे अंगातलं थायमिन, म्हणजे बी-१, कमी होतं, हे खरं. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार होतं, हेही खरं. मी पडताळून पाहिलं होतं. पण सेरोटोनिन हे तसंच दुसरं रसायन, शरीरातलं ते बहुतेक आतड्यात असतं आणि लघवी तपासून मेंदूतलं काही कळत नाही, एवढं त्याने बरोबर गाळलं. चाचणी करणारा आणि गोळ्या विकणारा एकच असेल तर तिथून सरळ उठा.

एक दुपार डोक्यातून जात नाही. कॅप्सूल घेतल्यावर दादाचा चेहरा, कान, मान लालबुंद झाली, अंगाची आग व्हायला लागली. त्या माणसाला फोन केला तर म्हणतो, “ताई, काळजी नको, विष बाहेर पडतंय.” बाटली माझ्या हातात होती. नायसिन, म्हणजे बी-३, ५०० मिलिग्रॅम. एवढ्या नायसिनने अंग लाल होतंच, विषाचा काही संबंध नाही. तेव्हाच कळायला हवं होतं! पण दादा पहिल्यांदाच स्वतःहून काही घेत होता, तेव्हा त्याच्या हातातून बाटली कोण हिसकावून घेईल? आणि त्याच बाटलीत थायमिन किती, तर २ मिलिग्रॅम. ज्याची खरी गरज, ते नावापुरतं.

मग त्या माणसाने डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणलेल्या गोळ्या एकदम बंद करायला लावल्या. “त्या गाबावरच काम करतात, आमची गाबा कॅप्सूल नैसर्गिक आहे.” गाबा म्हणजे मेंदू शांत करणारं रसायन, पण तोंडाने घेतलेलं गाबा मेंदूपर्यंत फारसं पोहोचतच नाही. दादाला फिट आली. इस्पितळात शिरेतून थायमिन दिलं, मग ग्लुकोज. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा रुग्णाच्या मेंदूला इजा होऊ शकते, हे तिथे समजलं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, पैसे राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला. औषध खातं म्हणालं, हे औषध नाही, अन्नपूरक आहे. अन्न खातं म्हणालं, लेबलवर ‘व्यसन सुटेल’ असं कुठे लिहिलंय? तोंडी बोलण्याला पुरावा काय? मी म्हटलं, रुग्णालाच विचारा. तर तो साहेब माझ्या तोंडावर म्हणाला, “दारुड्याचा जबाब कोण धरणार?” संताप झाला. अशी माणसं नेमकी हेरून लुटतात ती याच भरवशावर ना? ऑनलाइन तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा आलाय. एक फोनसुद्धा आला नाही.

दावा लेखी मागा, पैसे रोख देऊ नका, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करा. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही दारू सोडण्यासाठीची रीतसर तपासलेली औषधं आहेत, त्यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. जीवनसत्त्वं लागतात, पण ती किती आणि कशी द्यायची तेही डॉक्टरच ठरवतील. आणि अशा कुणाच्या सांगण्यावरून घरातल्या माणसाच्या गोळ्या बंद केल्या असतील, तर हे वाचणं सोडा आणि आधी डॉक्टरांना फोन लावा.