नवी एसएसडी, रिकामा स्लॉट आणि खोक्यात नसलेला स्क्रू: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

साडेपाच हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूसोबत दोन रुपयांचा स्क्रू का मिळत नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणीही दिलेले नाही, आणि हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणारा ड्राइव्ह, १ टीबीची, एम.२ २२८० आकाराची, एनव्हीएमई जातीची (या दोन्हींविषयी पुढे सांगते) आणि डीरॅम, म्हणजे स्वतःची वेगळी जलद मेमरी, नसलेली आहे. तिचा वेग आणि वॉरंटी यांचे आकडे सगळीकडे छापलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा देत नाही. लॅपटॉप २०२१ साली घेतलेला, अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. त्यात कारखान्यातूनच आलेली २५६ जीबीची एसएसडी होती आणि तिच्या शेजारी दुसरा एम.२ स्लॉट रिकामा होता. जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून जपण्याचे काम मी ठाण्यात घरीच करते. ए४ आकाराचे एक रंगीत पान ६०० डीपीआयला, कॉम्प्रेस न करता साठवले की सुमारे १०० एमबीची फाइल होते, म्हणजे दीडशे पानांचा एक अंक १५ जीबी जागा घेतो. अशा हिशेबात २५६ जीबी कशी पुरणार? म्हणून ही खरेदी केली, आणि जिथून घेतली त्या स्टेशनजवळच्या दुकानातच ती बसवूनही घेतली. दुकानदाराने बसवण्याचे वेगळे पैसे घेतले, त्यामुळे काम नीट झाले असणार असे मी धरून चालले.

घरी आल्यावर ‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह दिसला नाही. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते, कारण कोरी एसएसडी तिथे दिसतच नाही. आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशियलाइझ करावी, म्हणजे वापरासाठी तयार करावी लागते, त्यात जीपीटी ही विभागणीची पद्धत निवडावी लागते आणि मग नवे व्हॉल्यूम तयार करून त्याला अक्षर द्यावे लागते. परंतु डिस्क मॅनेजमेंटमध्येही जुनी डिस्क एकटीच होती. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट चालवून ‘लिस्ट डिस्क’ लिहिले, तेव्हाही एकच ओळ आली. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये, जाऊन पाहिले, तर दुसऱ्या स्टोरेजच्या जागी ‘एम्प्टी’ असे लिहिलेले होते.

बायोसमधली ही तपासणी सर्वांत आधी करावी, असे आता मी प्रत्येकाला सांगते. बायोसला ड्राइव्ह दिसत असेल आणि विंडोजला दिसत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा, सेटिंगचा किंवा इनिशियलाइझ न केल्याचा असतो आणि घरबसल्या सुटू शकतो. बायोसलाच ड्राइव्ह दिसत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून, अपडेट करून किंवा फॉरमॅटच्या युक्त्या करून काहीही हाती लागत नाही. मग विचार करायचा तो स्लॉट कोणत्या जातीचा आहे, बायोस किती जुने आहे आणि ड्राइव्ह नीट टेकला आहे का, या तीन गोष्टींचा.

लॅपटॉप परत दुकानात नेला, तेव्हा दुकानदाराने मात्र ही तपासणी न करताच उपाय सुरू केले. बायोसमधला ‘व्हीएमडी’ हा पर्याय त्याने मला न विचारता बंद केला. व्हीएमडी ही इंटेलची स्टोरेज सांभाळण्याची व्यवस्था आहे आणि अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सुरू केलेलीच येते. कोरे विंडोज टाकताना इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही, ती बहुतेक वेळा हिच्यामुळे. तेव्हा इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ करून द्यावा लागतो. पण विंडोज आधीपासून त्या व्यवस्थेवर चालत असताना तो पर्याय एकदम बंद केला की जुने विंडोजच सुरू होत नाही, आणि नेमके तेच झाले. निळा पडदा आला. तो पर्याय पूर्ववत केल्यावर पडदा गेला, पण त्या पाठोपाठ बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन होती म्हणून निभावले. लॅपटॉप कोणाच्याही हाती देण्यापूर्वी ही की कागदावर लिहून घरी ठेवावी, असे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण ती हरवली तर नव्या ड्राइव्हचे राहू द्या, जुन्यातला सगळा मजकूरही कायमचा जातो.

यानंतर दुकानदाराने निर्णय दिला: “ताई, एसएसडी चांगली आहे, तुमचा स्लॉटच गेलाय.” मी लॅपटॉप घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. तिथल्या काउंटरवरच्या गृहस्थांनी लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आणि जो खर्च सांगितला, तो त्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. हे अंदाजपत्रक लेखी द्या म्हटल्यावर ते टाळाटाळ करू लागले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, असे मी त्यांना स्पष्ट सांगून परत आले. तपासणी न करता हजारोंचा सुटा भाग बदलायला सांगणे हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे लोक ‘अधिकृत’ ही पाटी पाहून विश्वासाने जातात.

आता स्लॉटच्या जातीविषयी थोडे, कारण बहुतेकांची फसगत इथे होते. एम.२ हे आकाराचे नाव आहे. त्या आकारात जुन्या, हळू साटा जोडणीची एसएसडीही येते आणि पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एनव्हीएमईही येते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. साटा एसएसडीला बहुधा दोन खाचा असतात आणि चार लेनच्या (डेटाच्या चार वाटांच्या) एनव्हीएमईला एकच. दोन खाचांची साटा एसएसडी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये शरीराने व्यवस्थित बसते, पण त्या स्लॉटला साटाच्या तारा जोडलेल्याच नसतील तर ती कधीच ओळखली जात नाही. वेगही तसाच निराळा असतो: साटा ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते, तर तिसऱ्या पिढीची चार लेनची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाऊ शकते. म्हणून खरेदीपूर्वी लॅपटॉपचे मेंटेनन्स मॅन्युअल पाहावे. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दुसरा स्लॉट एनव्हीएमईचाच असल्याचे लिहिलेले होते, म्हणजे जातीचा प्रश्न मिटला. बायोसची नवी आवृत्तीही घालून पाहिली, उपयोग झाला नाही.

तोवर माझे मत असे बनले होते की एसएसडीच सदोष असावी, आणि परत करण्याची मुदत संपत आल्यामुळे मी चिडले होते. ते मत वाशीला बदलले. ओळखीतून एका तंत्रज्ञाचे नाव कळले होते, तेव्हा ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी गाठून सेक्टर १७ मधील त्याच्या छोट्याशा जागेत लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याने आधी बॅटरीची तार काढली, पॉवरचे बटण थोडा वेळ दाबून धरले, आणि मग आत पाहून विचारले, “मॅडम, ही टेप कोणी लावली?”

एसएसडीचे मोकळे टोक बोर्डाला चिकटपट्टीने चिकटवलेले होते. लॅपटॉपच्या उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद सैल झाला होता, टोक किंचित वर आले होते, आणि दुसऱ्या बाजूला सॉकेटच्या तोंडाशी सोनेरी पिनांची एक बारीक रेघ बाहेर डोकावत होती. भिंगाखाली ती रेघ त्याने मला दाखवली. एम.२ सॉकेटमधील पिना एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर असतात, आणि पुरता आत न गेलेला कार्ड तिरका झाला की त्यातल्या काही टेकतात, काही टेकत नाहीत. हा कार्ड तिरक्या कोनात आत सरकवायचा असतो. सॉकेटची स्प्रिंग त्याला वर ढकलत राहते, आणि मोकळे टोक दाबून स्क्रूने धरल्यावरच तो सपाट आणि पूर्ण आत राहतो. त्या टोकावरच्या अर्धगोल खाचेभोवतीचा धातूचा भाग ग्राउंडला जोडलेला असतो, त्यामुळे स्क्रू हा नुसता आधार नाही, विद्युत जोडणीचाही तो भाग आहे.

त्याने पडताळणी कशी केली, तेही सांगण्यासारखे आहे. जुनी एसएसडी काढून तिच्या जागी नवी बसवली आणि जुनीचाच स्क्रू लावला. बायोसने नवी ताबडतोब ओळखली, म्हणजे एसएसडी निर्दोष. मग जुनी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून तोच स्क्रू तिकडे लावला. तीही दिसली, म्हणजे स्लॉट निर्दोष. बदलली होती ती एकच गोष्ट. त्यानंतर दोन्ही ड्राइव्ह आपापल्या जागी ठेवून, खणातून एम२ (म्हणजे दोन मिलिमीटर) जाडीचा, तीन मिलिमीटर लांबीचा स्क्रू शोधून त्याने दुसऱ्या स्लॉटला लावला. मदरबोर्डचे काम दोन रुपयांत झाले. तपासणीचे त्याने माफक पैसे घेतले, ते मी आनंदाने दिले, आणि स्क्रूचे पैसे तो घेतच नव्हता.

त्यानंतर मी दोन्ही कंपन्यांना ईमेल लिहिली. एसएसडीच्या कंपनीने कळवले की स्क्रू लॅपटॉपसोबत यायला हवा. लॅपटॉपच्या कंपनीने कळवले की ज्या मॉडेलमध्ये दुसरा ड्राइव्ह कारखान्यातून बसवलेला असतो, त्यातच स्क्रू दिला जातो. म्हणजे रिकाम्या स्लॉटच्या ग्राहकाला स्क्रू देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. स्लॉटची जाहिरात मात्र लॅपटॉपच्या खोक्यावर ठळक अक्षरांत आहे. स्क्रू सर्वत्र सारखाच असता तरी ग्राहकाने बाजारात शोधून घेतला असता, पण काही लॅपटॉपमध्ये दोन मिलिमीटर लांबीचा लागतो, काहींमध्ये अडीचचा, आणि काहींमध्ये तर तो ज्यात फिरतो ती पितळी टोपीही नसते. गरजेपेक्षा लांब स्क्रू जबरदस्तीने फिरवला तर बोर्डाला इजा होऊ शकते. इतक्या नाजूक गोष्टीत ग्राहकाला अंदाजावर सोडणे योग्य नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. ‘धिस पीसी’मध्ये क्षमता ९३१ जीबी दिसते, ती कोणी कापून घेतलेली नाही. कंपनी १ टीबी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच फरक आहे. सुरुवातीला डीरॅम नसल्याचा मला फार राग होता. एखाद्या अंकाची पाने एकदम कॉपी करताना पहिले काही जीबी सपाट्याने जात आणि मग वेग एकाएकी घसरे, तेव्हा पैसे वाया गेले असे वाटले. त्यामागचे कारण नंतर समजले. अशा एसएसडी आधी मेमरीच्या पेशीत एकेकच बिट लिहून वेग राखतात, आणि ती जागा भरली की तोच मजकूर पेशीत एकाहून अधिक बिटांच्या पद्धतीने पुन्हा लिहितात, त्यामुळे मोठी कॉपी मंदावते. डीरॅमची उणीव हे ड्राइव्ह लॅपटॉपच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेऊन भरून काढतात. रोज एखादा अंक स्कॅन करून ठेवणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी जाणवतही नाहीत, आणि फाइल उघडण्याचा वेग तर पहिल्या दिवसाइतकाच आहे. डीरॅमवाल्या एसएसडीला जास्त पैसे दिले नाहीत, हे योग्यच झाले असे आता माझे ठाम मत आहे.

एप्रिल-मेच्या उकाड्यात, पंख्याखाली स्कॅनिंग चालू असताना ड्राइव्हची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान साठ अंशांच्या आसपास दिसत असे. पावसाळ्यात दमट हवेमुळे पिनांना काही होईल ही धास्ती होती, पण ड्राइव्ह एकदाही गायब झाला नाही. जुन्या २५६ जीबीवर विंडोज आणि नव्यावर स्कॅन, अशी विभागणी ठेवली आहे. प्रत्येक अंकाची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरही जाते, कारण एसएसडी बिघडली की आतला मजकूर परत काढणे फार कठीण आणि खर्चिक असते.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा स्क्रूसाठी राखून ठेवला आहे. दुकानातूनच बसवून घेणार असाल, तर मागचे झाकण लावण्यापूर्वी स्क्रू लावलेला डोळ्यांनी पाहा, बायोसमध्ये ड्राइव्ह दिसल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि चिकटपट्टी दिसली तर तिथेच काढायला लावा. लॅपटॉपच्या कंपनीला मी पुन्हा पत्र लिहिते आहे, आणि त्यात उदाहरणे जोडायची आहेत. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये रिकाम्या स्लॉटचा स्क्रू कारखान्यातून लावलेला आला असेल, त्यांनी मॉडेल आणि स्क्रूची लांबी कृपया खाली लिहावी.