सीलबंद खोका, आत भंगार

भोसरी-चिंचवड पट्ट्यात बर्नरचे सुटे भाग घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लाँड्रीवाले, फरसाणवाले, केटरिंगवाले, ज्यांच्याकडे डिझेलवरचा छोटा बॉयलर आहे त्यांनीही वाचा, कारण पैसे शेवटी तुमच्याच खिशातून जातात. भंगारातला बर्नर कंट्रोलर नवा म्हणून मला विकणाऱ्या दुकानाचं नाव देत नाही. तक्रार केली आहे, तिचं जे व्हायचं ते होईल.

काम हडपसरकडच्या एका लाँड्रीतलं. तासाला 300 किलो वाफ देणारा कॉइलचा बॉयलर, नॉन-आयबीआर, म्हणजे बॉयलर कायद्याच्या बाहेरचा. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल येतात, म्हणजे बॉयलर बंद की धंदा बंद. वरच्या व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, वाफ गळत होती, तिचं पाणी बर्नरच्या कंट्रोलरमध्ये जाऊन तो मेला होता. ग्लँड पॅकिंग बदलायचं, नवा कंट्रोलर बसवायचा, संपलं.

हा कंट्रोलर म्हणजे मुठीएवढा डबा, पण बर्नरची सगळी शिस्त त्याच्याकडे. आधी ब्लोअर फिरवून भट्टीत साठलेला वायू बाहेर काढायचा, मग ठिणगी, मग सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, उघडून डिझेल. ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या फोटोसेलला ज्योत दिसली नाही तर डिझेल तोडून लॉकआउट, म्हणजे हाताने रीसेट करेपर्यंत बर्नर बंद. छोट्या डिझेल बर्नरला ज्योत दिसण्यासाठीची सवलत साधारण 10 सेकंदांची असते, त्याहून जास्त नाही.

दुकानदार गोडबोल्या. "साहेब, ओरिजिनल इंपोर्टेड माल, सील बघा ना!" खोका सीलबंद, वर होलोग्राम, आत माहितीपत्रक. किंमतही अधिकृत विक्रेत्यापेक्षा फार कमी नव्हती. स्वस्त असता तर तिथेच शंका आली असती. जीएसटीचं पक्कं बिल दिलं, त्यावर मात्र नुसतं 'बर्नर स्पेअर, 1 नग'. मॉडेल आणि सिरीयल नंबर टाका म्हटलं, तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही. मी पेनाने लिहून त्यावर सही-शिक्का घेतला. त्याने तो कुरकुरतच मारला.

सकाळी बर्नर झकास पेटला. दुपारच्या आत लॉकआउट. रीसेट केला की पेटायचा, थोड्या वेळाने पुन्हा लाल दिवा. थंड असताना साधा भोळा, तापला की नखरे. डुप्लिकेट माल खरा नुकसान करतो तो इथे. डबा नवाकोरा, सीलबंद. कुठलाही मिस्त्री आधी बाकीचंच तपासणार. फोटोसेल पुसला, मग बदलला. नॉझल नवा टाकला. इलेक्ट्रोडमधलं अंतर पाहिलं, पंपाचा प्रेशर पाहिला, डिझेल फिल्टर साफ केला, सक्शन लाइनमध्ये हवा ओढतेय का म्हणून सगळे जोड पुन्हा आवळले. महावितरणचा व्होल्टेज वरखाली होतोय म्हणून स्टॅबिलायझरही लावून पाहिला. ओल्या चादरींचे ढीग वाढत होते आणि लाँड्रीच्या ताई मला ऐकू जाईल अशा बेताने फोनवर म्हणत होत्या, "अहो, मिस्त्री आलेत ना, पण त्यांनाच कळत नाहीये बहुतेक." त्यांचंही काय चुकलं? नवा पार्ट टाकल्यावर मशीन चालायला नको?

गुरुवार होता, भोसरीतली दुकानं बंद. शेवटी ओळखीच्या एका कारखान्यातून जुना, चालू कंट्रोलर तासाभरासाठी मागून आणला. तो बसवला आणि बर्नर अडखळलाच नाही. मग नवा परत लावून फोटोसेल बाहेर काढला, काळ्या टेपने झाकला आणि स्टार्ट दिला. 10 सेकंद झाले, 20 झाले, सोलेनॉइड उघडाच! मेन स्विच मीच पाडला. म्हणजे नको तेव्हा ट्रिप, आणि हवं तेव्हा ट्रिप नाही. ज्योत लागलीच नसती तर तापलेल्या भट्टीत डिझेल साठत गेलं असतं आणि पुढच्या ठिणगीला दार उडालं असतं. समोर कोण उभं असेल ते नशीब.

डबा बाकावर घेतला. स्टिकरची कड नखाने उचलली तर खाली दुसरा, पिवळा पडलेला स्टिकर. पिना घासलेल्या. आतल्या रिलेवरचं नाव खरवडलेलं, डागकामाभोवती राळेचे तपकिरी ओघळ. भंगारातला डबा धुऊन पुसून नव्या खोक्यात.

दुकानात गेलो तर शेठचा सूर बदललेला. आधी "हा आमच्याकडचा नाहीच." सही-शिक्क्याचं बिल पुढे केल्यावर "तुम्ही उघडलात, वॉरंटी गेली." मग "जाऊ द्या, दुसरा पार्ट घेऊन जा." त्याच खोक्यांच्या चळतीतला दुसरा! मी पैसेच मागितले, ते अजून मिळालेले नाहीत. 'धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही' हेही त्याने ऐकवलं. यावर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी खरेदी वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगाराने स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीत बोलता येतं.

हा माल छोट्या बॉयलरवाल्यांनाच का खपवतात, तेही समजून घ्या. 25 लिटरपेक्षा कमी पाणी मावणारे बॉयलर कायद्याच्या बाहेर राहतात. 1923 चा कायदा जाऊन 2025 चा आला तरी ही मर्यादा तशीच आहे. त्यामुळे बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक तिथे येत नाही. तपासणारे फक्त तुम्ही आणि तुमचा मिस्त्री. नवा कंट्रोलर बसवला की टेप लावून ही लॉकआउटची चाचणी मिस्त्रीकडून समोर करून घ्या, स्वतः करू नका. बिलावर सिरीयल नंबर असल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि तोच नंबर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला फोन करून विचारा. माझ्या डब्यावरचा नंबर त्यांच्या नोंदीत दुसऱ्याच मॉडेलचा निघाला.

लाँड्रीत आता अधिकृत विक्रेत्याकडचा कंट्रोलर चालू आहे. त्याचे पैसे ताईंनी दिले, आधीच्याचे माझ्या अंगावर. खोटा डबा मी जपून ठेवलाय. तक्रारीत पुरावा लागेल.